आवक क्रमांक ४४१७ ते ४४२१

प्रत्येक मोठ्या बदलाची सुरुवात माणसाच्या दुःखाकडे शांतपणे, निरखून पाहण्यातून होते.

असं पहिल्या स्लाइडवर लिहिलेलं होतं. दुसऱ्या स्लाइडवर काय होतं ते कळलं नाही, कारण तेवढ्यात लाइट गेली. पंचायत समितीच्या सभागृहात बत्तीस कर्मचारी बसले होते. त्यांनी एकमेकांच्या दुःखाकडे निरखून पाहायचा प्रयत्न केला असता, पण स्लाइड दिसाव्यात म्हणून पडदे लावलेले होते. शेवटी शिपाई रंगनाथने पडदे सारले, आणि पुण्याहून आलेल्या आरती मॅडम म्हणाल्या, "काही हरकत नाही. अडथळा म्हणजेच संधी!" बत्तीसपैकी नऊ जण ही संधी साधून चहाला गेले.

काकासाहेब म्हस्के गेले नाहीत. ते दुसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी ठेवून बसले होते. शिक्षण विभागातले वरिष्ठ सहाय्यक, आवक-जावकचं टेबल, नोकरी तेहतीस वर्षं, निवृत्तीला पावणेदोन. "प्रत्येक विभागातून नावीन्याची आवड असलेला एक कर्मचारी पाठवावा," असं परिपत्रक आलं होतं. काकासाहेबांचा प्रिंटर त्याच दिवशी दुरुस्तीला नगरला गेला होता, म्हणून नावीन्याची आवड त्यांना आहे असं ठरलं.

कार्यशाळा तीन दिवसांची होती. विषय डिझाइन थिंकिंग. आरती मॅडम अठ्ठावीस-एकोणतीसच्या असतील; पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं लाघवी. त्यांनी फळ्यावर पाच गोष्टी लिहिल्या: समजून घ्या, नेमकं मांडा, सुचेल ते सुचवा, कच्चं करून बघा, लोकांवर तपासा. मग सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि नागरिकाची सगळ्यात मोठी अडचण एका शब्दात लिहायला सांगितली. एकवीस जणांनी "नेटवर्क" लिहिलं. बांधकामवाल्यांनी "निधी" लिहिलं. काकासाहेबांनी बराच विचार करून "बाक" लिहिलं, कारण व्हरांड्यातला बाक मोडून दोन वर्षं झाली होती.

"सुंदर!" आरती मॅडम म्हणाल्या. "आता बाहेर जा. एका नागरिकाजवळ बसा आणि वीस मिनिटं फक्त ऐका. मध्ये बोलायचं नाही. उपाय सांगायचा नाही. 'पलीकडच्या टेबलाला जा' असंही म्हणायचं नाही."

शेवटच्या वाक्याला सभागृहात कुजबुज झाली. मग करायचं काय, असा एकूण सूर होता.

व्हरांड्यात, बाक मोडल्यामुळे जमिनीवरच, राहीबाई बसल्या होत्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने अंधुक दिसायचं, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. काकासाहेबांनी त्यांना याआधी दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा पलीकडच्या टेबलाला पाठवलं होतं. तेहतीस वर्षांच्या सवयीने त्यांना समोरच्या माणसाचं टेबल कोणतं ते अर्ध्या मिनिटात कळायचं. त्यापुढचं ऐकायची वेळ कधी आली नव्हती. आज त्यांनी मोबाईलवर वीस मिनिटं लावली आणि राहीबाईंच्या शेजारी फरशीवर बसले.

"बोला मावशी."

"आज खाली कसं काय बसला, भाऊसायेब? खुर्ची नेली व्हय कुनी?"

काकासाहेबांनी मान हलवली. मग राहीबाई बोलायला लागल्या.

त्यांचा मुलगा आदिनाथ आणि सून भाऊबीज झाली की ऊसतोडीला जाणार होते. गहिनीनाथ मुकादमाची टोळी, श्रीगोंद्याकडचा कारखाना. सुनेच्या कडेला दीड वर्षाचं पोर. नात अश्विनी पाचवीत. ती बरोबर गेली तर फडाजवळच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायचं आणि भाकरी थापायच्या, हे ठरलेलं. गेल्या साली तसंच झालं आणि मार्चात परत आली तेव्हा भागाकार विसरून आली होती. गावातल्या शाळेत अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृह होतं, दोन वेळचं जेवण मिळायचं. राहीबाईंना दिसत नसल्यामुळे चुलीजवळ बसायची सोय उरली नव्हती. दोनदा पदर पेटला होता. वसतिगृहात जेवण झालं तर पोरगी रात्री आजीकडे झोपेल आणि शाळा चालू राहील. एवढंच पाहिजे होतं.

"तर गुरुजी म्हनत्यात, आई-बाप गेल्यावर सर्वे हुतो. मंग नाव लागतं. गेल्याबिगर न्हाई. आन् आमचा आदिनाथ म्हनतो, नाव लागल्याबिगर पोरगी मागं ठिवत न्हाई. तू आंधळी तिला काय करून घालनार, म्हनतो. म्हंजी बगा, ती ग्येल्यावर नाव लागनार, आन् नाव लागल्याबिगर ती राहानार न्हाई. सर्वेवाले येत्यात तवा दाराला कुलूप असतं. कुलपाचं नाव लावायचं का?"

काकासाहेबांनी मोबाईलवरची उरलेली मिनिटं पाहिली.

"आवो, मी तुमच्याशी बोलतीय. तोंड का उघडीत न्हाई?"

"मला बोलायला बंदी आहे, मावशी."

"कुनी घातली?"

"पुण्याच्या मॅडमनी."

"लई झाक क्येलं," राहीबाई म्हणाल्या, आणि उरलेली नऊ मिनिटं न थांबता बोलल्या.

मोबाईल वाजला तेव्हा काकासाहेबांचे गुडघे धरले होते आणि डोक्यात एक वाक्य तयार झालं होतं. सभागृहात येऊन त्यांनी ते म्हटलं: "पोरं राहणार का जाणार हे आपण पोरं गेल्यावर मोजतो."

आरती मॅडमनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "सर! हे किती सुंदर आहे!"

काकासाहेबांना त्यात सुंदर काय ते कळलं नाही. पण त्यांच्या वाक्याला दोन चिठ्ठ्या लागल्या आणि त्या भिंतीवर मधोमध चिकटवल्या गेल्या. तेहतीस वर्षांत त्यांनी लिहिलेलं काही भिंतीवर लागण्याची ही पहिलीच वेळ होती, रजेवर असलेल्यांची यादी सोडली तर.

दुसऱ्या दिवशी कच्चं करून बघायचं होतं. पालकांनी जाण्याआधीच भरून द्यायचा एक फॉर्म, असं ठरलं. काकासाहेबांनी घरून रात्रीच पंधरा रकान्यांचा मसुदा करून आणला होता, रूळ लावून आखलेला. आरती मॅडम प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारायला लागल्या.

"हा नसला तर काय अडेल, सर?"

वार्षिक उत्पन्न. काकासाहेबांनी विचार केला. "काही नाही."

"जन्मस्थळ, तालुका, जिल्हा?"

"काही नाही."

"वडिलांचा व्यवसाय? ते ऊस तोडायला चालले आहेत म्हणूनच तर हा फॉर्म आहे ना?"

"काही नाही," काकासाहेब म्हणाले. असं अकरा वेळा म्हणावं लागलं. पहिल्या तीन-चार वेळा त्यांना राग आला, मग गंमत वाटली, आणि अकराव्या वेळी जरा उदास वाटलं. इतकी वर्षं लोकांनी हे सगळं काय म्हणून भरलं असेल?

उरले चार रकाने. मुलाचं नाव. आई-वडील कधी निघणार. मूल कोणाकडे राहणार. सही किंवा अंगठा. पांढरा कागद संपला होता म्हणून पिवळ्या अर्ध्या पानावर काकासाहेबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात तो लिहिला आणि रंगनाथने पिवळ्यावरच पाच झेरॉक्स काढल्या. वर ठळक लिहिलं: "फक्त चाचणीसाठी." खाली आरती मॅडमच्या सांगण्यावरून एक फाडायची पट्टी ठेवली, कारण त्यांच्या मते नागरिकाच्या हातात काहीतरी राहिलं पाहिजे.

तिसरा दिवस गुरुवार, बाजाराचा. व्हरांड्यात काकासाहेबांचंच टेबल टाकलं, वरच्या शिक्का-रजिस्टरासकट. पाच लोकांवर तपासायचं होतं, आणि बाजाराला आलेल्या ऊसतोड कामगारांमधून रंगनाथने चार जण धरून आणले. राहीबाईंना धरावं लागलं नाही. त्या पहिल्याच उभ्या होत्या, या वेळी आदिनाथला घेऊन.

"हे बघा, ही नुसती चाचणी आहे," काकासाहेबांनी सगळ्यांना बजावलं. आरती मॅडमनी शिकवलेलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हटलं: "आम्ही तुम्हाला नाही, फॉर्मला तपासतोय."

लोकांनी माना हलवल्या. सरकारी माणूस फॉर्म देण्याआधी काहीतरी म्हणतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

आरती मॅडम घड्याळ लावून बाजूला उभ्या राहिल्या. आदिनाथने फॉर्म भरला. एक मिनिट चाळीस सेकंद. कोणाला काही विचारलं नाही, बाहेर जाऊन कोणाकडून लिहून आणलं नाही. सही करून त्याने तो टेबलावरून पुढे केला.

पुढे जे झालं त्यात काकासाहेबांचा तसा काही भाग नव्हता. त्यांच्या उजव्या हाताचा होता. अर्जदाराने टेबलावरून कागद पुढे केला की तो हात आपोआप उठायचा: शिक्का, तारीख, क्रमांक, आडवी आद्याक्षरं, आवक रजिस्टरात ओळ, आणि पोच फाडून परत. तेहतीस वर्षांत या हाताने असा कागद कोरा ठेवला नव्हता. एकदा घरी सुनेने वाण्याची यादी पुढे केली तेव्हाही तो शिक्का शोधत होता. गुरुवारी तो पाच वेळा उठला. ४४१७, ४४१८, ४४१९, ४४२०, ४४२१.

आरती मॅडमनी फोटो काढले. हुबेहूब वाटावं म्हणून सर शिक्काही मारतायत, हे बघून त्यांना भरून आलं. मग सर्वांनी टाळ्या वाजवल्या, प्रमाणपत्रं घेतली, आणि दिवाळीची सुट्टी लागली.

सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी काकासाहेब प्रलंबित अर्जांचा तक्ता करायला बसले. दर सोमवारी तो वर जायचा. रजिस्टरातल्या पाच ओळींशी त्यांचं बोट थांबलं. विषय: "पालक जाण्यापूर्वी वसतिगृहात नाव लावणे." अक्षर त्यांचंच होतं.

"रंगनाथ, हे काय आहे रे?"

रंगनाथने वाकून पाहिलं. "तुम्हीच नाही का नोंदवलं, काका? मला वाटलं साहेबांनी सांगितलं असंल."

"अरे, ती चाचणी होती!"

"मग शिक्का कशाला हाणला?"

याचं उत्तर शोधायला काकासाहेबांना वेळ मिळाला नाही, कारण दारात राहीबाई उभ्या होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी पिवळी पट्टी काढली आणि टेबलावर तळहाताने सपाट केली.

"गहिनीनाथाची गाडी परवा ग्येली," त्या म्हणाल्या. "आदिनाथ ग्येला, सून ग्येली. पोरीला ठिवली माज्यापाशी. आदिनाथ आयकत नव्हता. मंग ह्यो शिक्का दावला, तवा गप झाला. आता जेवान कवा सुरू व्हतंय ते सांगा."

"मावशी, त्या फॉर्मवर वर काय लिहिलं होतं ते..."

"मला वाचाया येतं का? शिक्का वळखू येतो."

"मी त्या दिवशी बोललो होतो ना, चाचणी आहे म्हणून?"

"बोलला की. मंग झाली न्हवं चाचनी?" राहीबाईंनी एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "पास का नापास?"

"दोन दिवसांनी या," काकासाहेब म्हणाले, आणि हे वाक्य तोंडातून निघाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्या गेल्यावर त्यांनी बाकीच्या चौघांची चौकशी केली आणि आरती मॅडमना फोन लावला. त्या कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या सभागृहात होत्या. मागून टाळ्या ऐकू येत होत्या. काकासाहेबांनी झालेलं सगळं सांगितलं.

"सर, टेन्शन घेऊ नका. चुकणं हा या पद्धतीचा भागच आहे. लवकर चुकायचं, स्वस्तात चुकायचं, त्यातून शिकायचं..."

"मॅडम, पोरगी गाडीत बसली नाही."

पलीकडे टाळ्या थांबल्या होत्या, किंवा मॅडम बाहेर आल्या असाव्यात. मग वेगळ्याच, वयाला शोभेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "पाचही मुलं मागे राहिली?"

"मी चौकशी केली. पाचही."

"सर, मी काय करू? मी येऊ का?"

"येऊन काय करणार? तुमचा काय शिक्का आहे?" काकासाहेब म्हणाले. ते टोचून बोलले नव्हते, पण फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं, तसं लागलं असेल.

आता मार्ग दोन होते. एक सोपा: लाल पेन घ्यायचं, पाच ओळींवर तिरकी रेघ, बाजूला "नजरचुकीने नोंद, रद्द" आणि सही. दोन मिनिटांचं काम. काकासाहेबांनी लाल पेन उघडलं. त्यांच्या रजिस्टरात आजवर एकही रद्द नोंद नव्हती, हा त्यांचा अभिमान. पण हात थांबला तो त्या अभिमानाने नाही. रेघ मारली तर अश्विनी उद्या कोणत्या तरी मुकादमाच्या मागच्या गाडीने कोपीवर जाणार होती, आणि तिथे भाकऱ्या थापताना तिला कोणीतरी सांगणार होतं, की शिक्का खोटा निघाला. आपला शिक्का. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, कोरा कागद घेतला आणि टिप्पणी लिहायला सुरुवात केली.

गटविकास अधिकारी राजेश्वरी मॅडम तक्त्यावर नजर टाकत होत्या. पंधरा दिवसांनी नाशिकहून समिती येणार होती, नावीन्यपूर्ण उपक्रमांच्या स्पर्धेसाठी. तोवर प्रलंबित रकान्यात शून्य हवं होतं.

"म्हस्के, हे पाच काय आहेत? हा विषय कोणत्या शासन निर्णयाखाली येतो?"

"कुठल्याच नाही, मॅडम."

"मग नाकारा."

"नाकारायला नियम दाखवावा लागतो. या विषयाला नियमच नाही. कशाखाली नाकारलं म्हणून विचारतील."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि मंजूर केलं तर?"

"मंजूर केल्यावर आजवर कोणी विचारलेलं नाही."

मॅडमनी पिवळा कागद हातात घेऊन उलटसुलट केला. चार रकाने वाचायला वेळ लागत नव्हता, म्हणून त्यांनी तो दोनदा वाचला.

"हा फॉर्म काढला कोणी?"

काकासाहेबांना आरती मॅडमचं नाव घेता आलं असतं. कार्यशाळेचं परिपत्रक फाईलला जोडताही आलं असतं. "मी, मॅडम," ते म्हणाले. "टिप्पणीवर माझी सही आहे."

"निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

"पावणेदोन वर्षं."

"चौकशी लागली तर पेन्शन अडकते, माहितीये ना?"

"तो नियम आहे, मॅडम. तो मला पाठ आहे."

राजेश्वरी मॅडमनी पेन घेतलं, "मंजूर" लिहिलं आणि पाच ठिकाणी सही केली. "पुढच्या वेळी," त्या फाईल सरकवत म्हणाल्या, "चाचणी करताना शिक्का कुलपात ठेवा." मग जरा थांबून, "नाहीतर नका ठेवू. बघू."

समिती आली. भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्या सदस्यांना फार आवडल्या. त्यांच्यासमोर उभं राहून सर्वांनी फोटो काढले आणि कार्यालयाला "सर्जनशील भिंत" या गटात दुसरा क्रमांक मिळाला. आरती मॅडमनी पुण्याहून फोन करून काकासाहेबांचं अभिनंदन केलं, आणि मग कोणतंही ठरलेलं वाक्य न वापरता विचारलं, "अश्विनी शाळेत जाते का हो?" काकासाहेबांनी हेडमास्तरांना विचारून ठेवलं होतंच. जात होती. एक दिवस चुकला नव्हता.

मंजुरीचा कागद काकासाहेबांनी स्वतः गावात नेऊन दिला. राहीबाईंनी तो बोटांनी चाचपला, शिक्का कुठे आहे ते शोधलं आणि त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो खरा?"

"हा खरा."

"पयला बी खराच हुता," राहीबाई म्हणाल्या.

वसतिगृहाच्या धान्याची मंजुरी आणि स्वयंपाकिणीची नेमणूक वेगवेगळ्या टेबलांवरून येते. त्या वर्षी वसतिगृह सतरा जानेवारीला सुरू झालं. तोपर्यंत आजी-नातीचा दोन्ही वेळचा स्वयंपाक अश्विनीच करत होती.